काळी चार

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं. चार मिनिटं झाली की
एक पेला पडतो. तो मी.
कव्हरवर तिघांचीच नावं आहेत:
आवेलिन पियानोवर, कायतान बासवर, इनास ड्रमवर.
माझं असायचं कारण नाही. मी टेबल सहा ते अकरा.

वास्को. बंदराकडच्या उतारावर, वरच्या मजल्यावरचा बार.
खाली खनिजाची तांबडी माती, गटारसुद्धा तांबडं,
खलाशांच्या बुटांबरोबर ती जिना चढायची
आणि पहाटे मी पुसून काढायचो.
पियानोच्या पोटात चाळीसचा दिवा जळत ठेवलेला,
ओल धरू नये म्हणून. तरी एक पट्टी
दाबली की वर येत नसे.
आवेलिन तिला करंगळीनं उचलायचा, वाजवता वाजवता,
झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करावं तसा.

त्या रात्री मुंबईहून माणूस आला. दोन माइक,
फिरत्या चाकांचं एक यंत्र. मालक म्हणाला,
आज आवाज नको. बर्फसुद्धा हातानं सोडा.
आम्ही बर्फ हातानं सोडला.
पण जपानी कप्तानाचं हसू कोण हातानं सोडणार?
तेही आहे रेकॉर्डवर. खुर्ची सरकते, तीही.
कोणी बाई पोर्तुगीजमध्ये विचारते, किती वाजले.

मी शिरोड्याचा. भजनात पेटी धरलेली.
यांचं संगीत मला कळायचं नाही, पायांना कळायचं.
इनास थाळीवर तारांचा झाडू फिरवायचा,
आमच्याकडे उजाडताना अंगण झाडतात, त्याच आवाजाचा,
आणि ट्रे उचलला की पाय आपोआप
टेबल सहाकडे, टेबल नऊकडे.

तर चार मिनिटं झाली आणि आवेलिननं
हात मांडीवर ठेवले.
कायतान एकटा. त्या उंच लाकडाला कवटाळून
एकेक सूर, आणि दोन सुरांमध्ये एवढी जागा
की त्यात होडी वळवून घ्यावी.
मग एक मात्रा त्यानं गाळली.
माझा पाय त्याच मात्रेवर पडायचा होता.

पेला नुसता फुटला नाही, वाजला. काळी चार.
एवढं पेटीवरून कळतं मला, शपथ घेईन.
सगळा बार माझ्याकडे. मालकाचा चेहरा.
आणि आवेलिननं मान न वळवता
उजव्या हाताच्या एका बोटानं काळी चार दाबली.
थांबला. पुन्हा दाबली. मग आजूबाजूचे सूर
गोळा करत बसला,
खाली गुडघ्यांवर मी काचा.
कायतान हसला. नीट कान दिला तर
नाकातून सुटलेला श्वास आहे तिथं.

मालकानं पेल्याचा सव्वा रुपया कापला.
पुढच्याच आठवड्यात कायतान बोटीवर लागला,
बास खोलीत मावेना म्हणून इथंच ठेवून.
कोणी म्हणतं आफ्रिकेत उतरला, कोणी म्हणतं समुद्रातच.
बास जिन्याखाली उभा होता बरीच वर्षं.
माती पुसताना मी त्यालाही एक हात मारायचो,
आणि तो, जाड तारेतून, हूं म्हणायचा.

काल इनासचा नातू आला, जॉयवीन. माझ्या कानांना
काहीबाही चढवलं. काका, सगळं साफ केलंय,
महिना लागला, होता नव्हता तो कचरा काढला.
खरंच साफ. झाडूची एकेक तार मोजून घ्यावी.
कप्तान नाही. खुर्ची नाही.
किती वाजले, कोणी विचारत नाही.
चार मिनिटं. कायतान. गाळलेली मात्रा.
आणि काही नाही.
मग आवेलिन काळी चार दाबतो. थांबतो. पुन्हा दाबतो.
कुणाला हाक मारतोय, त्या पोराला काय ठाऊक.
कसं वाटलं, काका?
छान, म्हटलं. खूप मेहनत घेतलीस रे.

तो गेल्यावर स्वयंपाकघरात शिरलो,
चमच्यानं एकेक पेला वाजवून पाहिला.
सगळे स्टीलचे. दोन पांढरी तीनच्या आसपास,
एक नुसताच बद्द.
सून आतून म्हणाली, बाबा, चहा हवाय का?